कर्मिट: एकमेकांशी न पटणाऱ्या संगणकांमधून फाइल नेण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कर्मिट म्हणजे नेमकं काय?

एका संगणकावरची फाइल तारेतून दुसऱ्या संगणकावर बिनचूक पोचवण्याचे नियम (म्हणजे प्रोटोकॉल), आणि ते नियम पाळणारे प्रोग्राम. दोन्हींना कर्मिटच म्हणतात, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ होतो. नियम एकच आहेत. प्रोग्राम मात्र अनेक: ॲपल टूसाठी एक, बीबीसी मायक्रोसाठी दुसरा, आयबीएमच्या मेनफ्रेमसाठी, म्हणजे संस्थांच्या मोठ्या संगणकासाठी, तिसरा, डिजिटल कंपनीच्या व्हॅक्ससाठी चौथा. ते वेगवेगळ्या माणसांनी, वेगवेगळ्या गावी, वेगवेगळ्या भाषांत लिहिले. त्यांतल्या बऱ्याच जणांनी एकमेकांना कधी पाहिलंही नव्हतं. तरी यातला कुठलाही एक उचलून दुसऱ्या कुठल्याहीसमोर बसवला की फाइल जायची. मला या सगळ्या प्रकरणाचं अप्रूप वाटतं ते यासाठीच.

याची गरज कुठून निघाली?

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, १९८०-८१च्या सुमारास. तिथल्या संगणक केंद्रात डिजिटल कंपनीची डेकसिस्टिम-२० यंत्रं होती आणि आयबीएमची मेनफ्रेम होती. विद्यार्थी हजारो आणि डिस्कवरची जागा मोजकी. सत्र संपलं की विद्यार्थ्यांच्या फाइली पुसून पुढच्या तुकडीला जागा करून द्यावी लागे. त्याच सुमाराला फ्लॉपी असलेले छोटे संगणक बाजारात आले होते. विद्यार्थ्यानं आपली फाइल मोठ्या यंत्रावरून छोट्यावर उतरवून घ्यावी, फ्लॉपी दप्तरात टाकावी, हवी तेव्हा परत चढवावी, अशी ती साधी कल्पना होती.

फ्रँक डा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी ते काम हाती घेतलं. २९ एप्रिल १९८१ रोजी पहिली फाइल गेली, तीही एकाच डेकसिस्टिम-२०च्या एका पोर्टमधून निघून त्याच यंत्राच्या दुसऱ्या पोर्टमध्ये. पहिला छोटा संगणक होता इंटरटेक कंपनीचा सुपरब्रेन, सीपीएम प्रणालीवर चालणारा.

हे नाव कुठून आलं?

मपेट्समधल्या कर्मिट नावाच्या बेडकावरून. भिंतीवर त्याचं कॅलेंडर होतं. नाव वापरायला हेन्सन असोसिएट्स या त्याच्या मालकांनी रीतसर परवानगी दिली होती.

दोन यंत्रांत तार जोडली की झालं. यात अवघड ते काय होतं?

आज आपण ज्या गोष्टी गृहीत धरतो, त्यांतली एकही तेव्हा गृहीत धरता येत नव्हती.

बाइट म्हणजे आठ बिट, हेच घ्या. डेकसिस्टिम-२०चा एक वर्ड, म्हणजे यंत्र एका वेळी हाताळतं तो बिटांचा गट, ३६ बिटांचा. त्यात सात-सात बिटांची पाच अक्षरं बसवायची आणि एक बिट उरायचा. सीडीसी सायबरचा वर्ड ६० बिटांचा, त्यात सहा-सहा बिटांची दहा अक्षरं. सहा बिटांत ६४ चिन्हंच मावतात, म्हणजे इंग्रजीची लहान लिपी काढायची तर वेगळी युक्ती करावी लागे. आयबीएमच्या मेनफ्रेमवर आठ बिट होते, पण अक्षरांना क्रमांक द्यायची पद्धत इतरांची आस्की नव्हती, आयबीएमची एब्सिडिक होती. इंग्रजीतलं मोठ्या लिपीतलं ए हे अक्षर आस्कीत ६५ आणि एब्सिडिकमध्ये १९३.

दुसरी अडचण तारेची. या यंत्रांना बाहेरून जोडलेली तार ही माणसानं टर्मिनलवर (मोठ्या यंत्राला जोडलेला पडदा आणि कीबोर्ड) बसून टंकण्यासाठी होती. माणूस सेकंदाला पाच-सात अक्षरं टंकतो आणि मध्ये थांबतो. त्याच तारेतून दुसऱ्या संगणकानं सलग हजार अक्षरं ओतली की मोठ्या यंत्राची छोटी साठवण भरून जाई आणि पुढची अक्षरं हवेत विरत. शिवाय टर्मिनलच्या तारेवर काही अक्षरांना खास अर्थ असतो: एक आलं की प्रोग्राम बंद करा, दुसरं आलं की पाठवणं थांबवा, तिसरं आलं की मागचं अक्षर पुसा. फाइलमध्ये यातलं एखादं अक्षर आलं की ते फाइलचा भाग आहे हे यंत्राला कसं कळणार? कितीतरी ठिकाणी आठवा बिट पॅरिटीसाठी, म्हणजे चूक ओळखण्याच्या खुणेसाठी, राखलेला असे, म्हणजे तुमच्या हाती सातच बिट राहत.

तिसरी अडचण टेलिफोनच्या लाइनीची. खरखर झाली की अक्षरं बदलतात, गळतात, कधी नसलेली येतात.

मग फ्लॉपीच का नेऊ नये? कारण फ्लॉपीचंही तेच. ऑस्बोर्न वन आणि केप्रो टू, दोन्ही सीपीएमचेच संगणक, दोघांची फ्लॉपी सव्वापाच इंचीच, पण एकाची फ्लॉपी दुसऱ्याला वाचता येत नसे. सगळ्यांकडे असलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे टर्मिनलची, एकामागून एक बिट नेणारी सिरियल लाइन.

मग कर्मिटनं यातून वाट कशी काढली?

समोरच्या यंत्राकडून कमीत कमी अपेक्षा ठेवून. तारेवर फक्त छापता येण्याजोगी आस्की अक्षरं पाठवायची, म्हणजे ३२ ते १२६ या क्रमांकांची. ही अक्षरं कुठलंही टर्मिनल आणि कुठलंही यंत्र निमूटपणे पुढे जाऊ देतं. त्यांचे छोटे छोटे गठ्ठे, म्हणजे पॅकेटं, करायचे, प्रत्येकाला क्रमांक द्यायचा, पडताळणीसाठी बेरीज जोडायची, आणि समोरून पोच आल्याशिवाय पुढचा गठ्ठा सोडायचा नाही.

पुढचा प्रश्न हमखास येतो, म्हणून आधीच उत्तर देतो.

एखादं पॅकेट उघडून दाखवाल का?

समजा फाइलमध्ये एकच ओळ आहे: पुणे हा शब्द इंग्रजी मोठ्या लिपीत, चार अक्षरांत. त्यामागे ओळ संपल्याची दोन कंट्रोल अक्षरं (न छापता यंत्राला खूण देणारी), १३ आणि १०. हे पॅकेट तारेवर असं जातं. प्रत्येक आकडा म्हणजे एका अक्षराचा आस्की क्रमांक:

१, ४३, ३४, ६८, ८०, ८५, ७८, ६९, ३५, ७७, ३५, ७४, ७२, १३

पहिला १ म्हणजे पॅकेट सुरू झाल्याची खूण. आणि शेवटचा १३ म्हणजे ओळ संपली. छापता न येणारी अक्षरं ही एवढी दोनच. काही यंत्रं ओळ संपल्याशिवाय आलेली अक्षरं प्रोग्रामच्या हाती देतच नाहीत, त्यांच्यासाठी शेवटचा १३ आहे.

४३ ही लांबी. यातून ३२ वजा करा, ११ उरतात: यापुढे पॅकेटमध्ये ११ अक्षरं आहेत. आकडा नुसता ११ असा पाठवला असता तर तो कंट्रोल अक्षर ठरून वाटेत कुठेतरी गिळला गेला असता, म्हणून ३२ मिळवून पाठवायचा. ३४ हा पॅकेटचा क्रमांक, ३४ वजा ३२ म्हणजे २. (क्रमांक शून्याच्या पॅकेटनं ओळखपाळख झाली, एकनं फाइलचं नाव गेलं, हे तिसरं.) हे क्रमांक ६३ नंतर पुन्हा शून्यावर येतात. ६८ म्हणजे इंग्रजी डी हे अक्षर, अर्थात यात फाइलचा मजकूर आहे.

मग ८०, ८५, ७८, ६९ हा आपला शब्द. त्यापुढे ३५, म्हणजे # हे चिन्ह. ते सांगतं की पुढचं अक्षर खरं तर कंट्रोल अक्षर आहे. १३ मध्ये ६४ मिळवले की ७७ होतात, १० मध्ये मिळवले की ७४. मजकुरात खरोखरच # आलं तर ते दोनदा पाठवायचं.

राहिले ७२. ही पडताळणी. लांबीपासून मजकुराच्या शेवटापर्यंतच्या सगळ्या आकड्यांची बेरीज ६७८ येते. त्यातले ६४ आणि १२८ या किमतीचे दोन बिट काढून ते खालच्या टोकाला मिळवायचे, इथे ते २ होतात, म्हणजे ६८०. त्याला ६४ने भागून बाकी ४०. अधिक ३२, झाले ७२. कागद-पेन्सिल घेऊन एकदा करून पाहा. मी विद्यार्थ्यांना हे पॅकेट हातानं सोडवायला लावतो, आणि त्यानंतर त्यांना प्रोटोकॉल या शब्दाची भीती वाटत नाही.

पॅकेट बरोबर पोचलं तर समोरून पोच येते. बेरीज जुळली नाही तर नकार येतो. ठरलेल्या वेळात काहीच आलं नाही तर तेच पॅकेट पुन्हा जातं.

पॅकेटची लांबी ९४पर्यंतच का?

लांबी एकाच छापील अक्षरात सांगायची होती म्हणून. ३२ ते १२६ अशी ९५ अक्षरं आहेत, त्यांतून शून्य ते ९४ एवढेच आकडे सांगता येतात. नंतर लांब पॅकेटं आली तेव्हा लांबीसाठी दोन अक्षरं घेतली आणि कमाल मर्यादा ९०२४वर गेली. ९५ गुणिले ९५ वजा १, बस्स.

आठवा बिटच मिळत नसेल तर प्रोग्रामची फाइल कशी पाठवायची?

आणखी एका उपसर्गानं. & हे चिन्ह सांगतं की पुढच्या अक्षराचा आठवा बिट चढलेला समजा. आपल्याजवळचं उदाहरण देतो. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की प्रमाणात, म्हणजे १९९१च्या मानकात, देवनागरी अक्षरं वरच्या अर्ध्या भागात आहेत. 'क'चा क्रमांक १७९. सात बिटांच्या लाइनीवरून तो जायचा तर १७९ वजा १२८ म्हणजे ५१, आणि ५१ हा आस्कीतल्या तीन या अंकाचा क्रमांक. म्हणजे आपला 'क' तारेवरून & आणि त्यापुढे तीनचा अंक असा जोडीनं जाईल.

यात एक अन्याय आहे आणि तो मान्य करायला हवा. इंग्रजी मजकुराला एका अक्षरामागे एक अक्षर पुरतं, देवनागरीला दोन. रशियन, ग्रीक, हिब्रू लिहिणाऱ्यांनाही हाच भुर्दंड होता. पुढे कर्मिटमध्ये लॉकिंग शिफ्टची सोय आली: आता येणारी सगळी अक्षरं वरच्या भागातली समजा, असं एकदा सांगायचं आणि मग दर अक्षरामागे उपसर्ग लावायची गरज नाही. आठही बिट मिळत असतील तर यातलं काहीच लागत नाही.

टेक्स्ट आणि बायनरी असा भेद का? फाइल ती फाइल.

या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण न चालणाऱ्या फाइलींचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं.

ओळ कुठे संपते, हे प्रत्येक यंत्र आपापल्या पद्धतीनं लिहून ठेवतं. युनिक्स १० हे एकच अक्षर घालतं. जुना मॅकिंटॉश १३ घालायचा. सीपीएम आणि एमएस-डॉस दोन्ही घालतात. आयबीएमच्या मेनफ्रेमवरच्या व्हीएम/सीएमएस या प्रणालीमध्ये तर असं अक्षरच नसतं. तिथली फाइल म्हणजे एकाखाली एक ठेवलेल्या नोंदी, पुष्कळदा ८० अक्षरांच्या, पंच कार्डांच्या काळापासून चालत आलेल्या, उरलेली जागा रिकाम्या अक्षरांनी भरलेली. सायबरवर ओळ संपली की वर्डच्या शेवटी निदान १२ शून्य बिट ठेवत. सीपीएमला तर फाइलची नेमकी लांबीही ठाऊक नसे. ती १२८ बाइटच्या ठोकळ्यांत मोजे, आणि मजकूर जिथे संपला तिथे २६ क्रमांकाचं अक्षर खूण म्हणून ठेवी.

आता समजा अशा वीस प्रकारची यंत्रं आहेत. प्रत्येकाला इतर एकोणीस जणांच्या चालीरीती शिकवायच्या तर ३८० रूपांतरं लिहावी लागतील, आणि एकविसावं यंत्र आलं की जुन्या विसांनाही पुन्हा हात लावावा लागेल. कर्मिटनं ठरवलं की तारेवर टेक्स्टचं रूप एकच: आस्की अक्षरं, आणि ओळीच्या शेवटी १३ व १०. पाठवणाऱ्यानं आपल्या घरच्या रूपातून या रूपात आणायचं, घेणाऱ्यानं या रूपातून आपल्या घरच्या रूपात न्यायचं. पुण्यातल्या सोसायटीत तमिळ, बंगाली आणि मराठी शेजारी जिन्यात हिंदीत बोलतात आणि दार लावून घेतलं की आपापल्या भाषेत, तसंच हे. प्रत्येक कर्मिटला फक्त स्वतःचं यंत्र नीट ठाऊक हवं. समोर कोण आहे, याची त्यानं चौकशीच करायची नाही.

हे रूपांतर मजकुरासाठी वरदान आहे आणि प्रोग्रामच्या फाइलीसाठी विष. प्रोग्राममध्ये १० हा आकडा आला तर तो यंत्राचा हुकूम असू शकतो, त्याच्याआधी १३ घुसवला की प्रोग्राम मेला. मी स्वतः एकदा दाबून लहान केलेली फाइल टेक्स्ट म्हणून पाठवली. पाऊण तास मोडेम चालू, सगळी पॅकेटं बिनचूक, एकही चूक नोंदलेली नाही, आणि फाइल उघडेना. कर्मिटनं आपलं काम चोख केलं होतं, मी त्याला चुकीचं काम सांगितलं होतं. तेव्हापासून पाठवण्याआधी बायनरी की टेक्स्ट हे मी मोठ्यानं म्हणून घेतो.

३६ बिटांच्या यंत्रावर आणखी एक पेच होता. तिथे मजकुराच्या फाइलीत एका वर्डमध्ये सात बिटांची पाच अक्षरं असत. आठ बिटांची फाइल ठेवायची तर एका वर्डमध्ये चारच बाइट आणि चार बिट वाया. फाइल कोणत्या जातीची आहे हे वापरणाऱ्यानं सांगितल्याशिवाय कर्मिटला ओळखता येत नसे.

फाइलच्या नावांचं काय करत?

शक्य तितकं साधं करत. पाठवणारा कर्मिट नावातून डिस्क, डिरेक्टरी, आवृत्ती क्रमांक वगैरे काढून टाकी आणि मोठ्या लिपीत नाव, टिंब, प्रकार एवढंच पाठवी. घेणारा ते आपल्याकडे बसेल असं करून घेई: सीपीएमवर आठ आणि तीन अक्षरांत, व्हीएम/सीएमएसवर टिंबाच्या जागी मोकळी जागा. नाव तोडताना दोन फाइलींचं नाव एकच झालं तर आधीची पुसली जाऊ नये म्हणून नव्याचं नाव थोडं बदलायची सोयही होती.

आयबीएमच्या मेनफ्रेमचा उल्लेख सारखा येतो. ती इतकी वेगळी होती का?

हो, आणि कर्मिटचा बराचसा स्वभाव तिच्यामुळेच घडला असं माझं मत आहे. तिची टर्मिनल लाइन एका वेळी एकाच बाजूनं बोलू देई. मेनफ्रेमनं 'आता तुझी पाळी' अशी खूण, क्रमांक १७चं अक्षर, पाठवल्याशिवाय तुम्ही तोंड उघडलंत तर तुमचं बोलणं वाया. आठवा बिट पॅरिटीत जाई. अक्षरं एब्सिडिकमध्ये बदलून आत जात आणि परत आस्की होऊन बाहेर येत. आणि व्हीएम/सीएमएसवरच्या कर्मिटला घड्याळ लावून वाट पाहता येत नसे, कारण तिथला प्रोग्राम एकदा वाचायला बसला की काहीतरी येईपर्यंत बसून राही. म्हणून वेळ मोजून पॅकेट पुन्हा पाठवायची जबाबदारी छोट्या संगणकावर टाकली. लाखो डॉलरच्या यंत्राची ही उणीव टेबलावरचा सुपरब्रेन भरून काढत होता. दोन्हीकडे घड्याळ नसेल तर छोट्या संगणकासमोर बसलेल्या माणसानं रिटर्नची कळ दाबून हस्तांतरण पुन्हा जागं करायचं, हाही एक मान्य उपाय होता.

कर्मिट नव्या यंत्रावर न्यायचं तर काय काय बदलावं लागे?

प्रोग्रामचे दोन भाग पाडलेले असत. पॅकेट बांधणं, बेरीज करणं, पोच पाहणं हा भाग सगळीकडे सारखा. सिरियल पोर्ट, डिस्क आणि पडदा हाताळणारा भाग प्रत्येक यंत्रासाठी वेगळा.

आणि हा वेगळा भाग फार वेगळा असे. सीपीएमनं सिरियल पोर्टसाठी दिलेली सोय इतकी तोकडी होती की बहुतेक वेळा थेट चिपशी बोलावं लागे. केप्रोत झिलॉगची एसआयओ चिप, ऑस्बोर्न वनमध्ये मोटोरोलाची ६८५०, आयबीएम पीसीमध्ये ८२५०. प्रत्येकीचे पत्ते वेगळे आणि 'अक्षर आलं' हे सांगणारा बिट वेगळ्या जागी. वेग ठरवायची रीतही वेगळी.

एमएस-डॉस आल्यावर हे संपेल असं वाटलं होतं, पण सुरुवातीला तसं झालं नाही. डेक रेनबो, एचपी-१५०, व्हिक्टर ९०००, वँग पीसी ही सगळी एमएस-डॉसची यंत्रं, तरी आयबीएम पीसीचा कर्मिट त्यांच्यावर चालत नसे. प्रत्येकासाठी यंत्रापुरता भाग नव्यानं लिहावा लागला. एमएस-डॉस कर्मिटचं काम पुढे युटा स्टेट विद्यापीठातल्या जो डूपनिक यांनी वर्षानुवर्षं सांभाळलं.

१९८५ साली सी भाषेतलं सी-कर्मिट आलं. त्यातल्या फाइलींची नावं मला अजून पाठ आहेत, कारण ती नावंच नकाशा आहेत. पहिली दोन अक्षरं सी-कर्मिटची, तिसरं अक्षर यंत्राचं: सी म्हणजे सगळीकडे चालणारा भाग, यू म्हणजे युनिक्स, व्ही म्हणजे व्हीएमएस, आय म्हणजे अमिगा, डी म्हणजे डेटा जनरल. शेवटची तीन अक्षरं काम सांगतात: फाइल, टर्मिनल, प्रोटोकॉल. नावाला सहाच अक्षरं, कारण आरटी-११सारख्या प्रणालींना त्याहून लांब नाव चालत नसे. नावांपासूनच सगळ्यांत गरीब यंत्राची काळजी घेतलेली होती.

युनिक्स एकच असेल असं समजू नका. बर्कलीच्या युनिक्सवर टर्मिनल हाताळायची पद्धत एक, सिस्टिम फाइव्हवर दुसरी. किती अक्षरं येऊन पडली आहेत हे विचारायची सोय एकीकडे होती, दुसरीकडे नव्हती. कुठे पूर्णांक १६ बिटांचा, कुठे ३२चा. प्रोटोकॉलचा भाग लिहिताना लेक्स हे युनिक्सचं साधन वापरता आलं असतं, पण ते सगळीकडे नव्हतं आणि त्याचा परवाना लागे, म्हणून कोलंबियात जेफ डेमेन्स यांनी वॉर्ट नावाचं छोटं साधन लिहून कर्मिटच्या सोबतच दिलं. पुढे सी-कर्मिटच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, वेगवेगळ्या युनिक्सांसाठी शेकडो नोंदी झाल्या. ती फाइल वाचत गेलं की त्या वीस वर्षांत कोणकोणती यंत्रं जन्मली आणि गेली याची यादीच डोळ्यांपुढून सरकते.

एवढ्या आवृत्त्या लिहिल्या कोणी?

ज्यांना गरज होती त्यांनी. कोलंबियानं प्रोटोकॉल आणि मूळ प्रोग्राम सगळ्यांना खुले ठेवले. मॅग्नेटिक टेप हवी असेल तर टेप आणि टपालाचा खर्च पाठवायचा. न्यू जर्सीतल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून ॲपल टूची आणि व्हॅक्स/व्हीएमएसची आवृत्ती आली, इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातून बीबीसी मायक्रोची, ओहायोतल्या टोलेडो विद्यापीठातून पीडीपी-११ची. लोकांनी लिहिलेलं परत कोलंबियाकडे जाई आणि पुढच्या टेपवर चढे. जून आणि जुलै १९८४च्या बाइट मासिकात डा क्रूझ आणि कॅचिंग्ज यांनी प्रोटोकॉल दोन लेखांत उलगडून सांगितला. ते वाचून कुणालाही आपल्या यंत्रासाठी कर्मिट लिहायला घेता येत होता.

ज्या यंत्रावर कर्मिट नाही, त्याच्यावर तो पहिल्यांदा पोचवायचा कसा?

अंडं आधी की कोंबडी, तोच हा प्रश्न. फाइल पाठवायला कर्मिट हवा, आणि कर्मिट ही स्वतःच एक फाइल.

एमएस-डॉससाठीचा उपाय मला फार आवडतो. कर्मिटचा प्रोग्राम बू नावाच्या रूपात ठेवलेला असे: दर तीन बाइटचे चार सहा-बिटी तुकडे करून, प्रत्येकात ४८ मिळवून, छापता येतील अशी चार अक्षरं. सलग येणारे शून्य ~ या चिन्हानं आखडून घेतलेले. ही फाइल साधा मजकूर असल्यामुळे कशीही उतरवून घेता येई. ती उलगडायला बेसिकमधला छोटासा प्रोग्राम पुरे, आणि बेसिक पीसीवर असायचंच. तो प्रोग्राम छापील कागदावरून हातानं टंकायचा, चालवायचा, थांबायचं, की डिस्कवर कर्मिट तयार. सीपीएमवर प्रोग्राम हेक्स आकड्यांच्या मजकुरात तारेतून घ्यायचा आणि सीपीएमच्याच लोड या साधनानं त्याचा चालता प्रोग्राम करायचा. एका यंत्रावर एकदा कर्मिट बसला की त्याच जातीच्या बाकीच्यांना फ्लॉपीनं देता येई.

एक्समोडेम आधीच होतं. मग कर्मिट कशाला?

एक्समोडेम १९७७ साली वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी सीपीएमवाल्यांसाठी लिहिलं, आणि दोन छोट्या संगणकांमध्ये ते छान चालतं. पण त्याला तारेवर आठही बिट स्वच्छ लागतात आणि कंट्रोल अक्षरं न अडता गेलेली लागतात. सात बिटांच्या लाइनीवर ते सुरूच होत नाही. फाइलचं नाव ते पाठवत नाही, आणि लांबी १२८च्या पटीत करून टाकतं. विद्यापीठातल्या मेनफ्रेमपुढे त्याचा निभाव लागला नसता.

कर्मिट फार हळू असतं असं ऐकलंय.

मूळ रूपात हळू होतंच. १२०० बिटांच्या मोडेमवर सेकंदाला साधारण १२० अक्षरं जातात. एक पूर्ण पॅकेट जायला पाऊण सेकंदाहून थोडं जास्त. लाइन उपग्रहावरून असेल तर पोच येईपर्यंत आणखी अर्धा सेकंद नुसतं बसून राहायचं. लांब पॅकेटं आणि सरकत्या खिडक्या, म्हणजे पोचेची वाट न पाहता पुढची पॅकेटं सोडत राहणं, हे आल्यावर ही तक्रार बरीचशी संपली. पण प्रोग्राम सुरू केल्यावरच्या मूळ सेटिंग्ज सगळ्यांत अवघड लाइनीसाठी बेतलेल्या राहिल्या. त्या न बदलताच लोकांनी वेग मोजला, आणि नाव खराब झालं ते झालंच.

जुनी आणि नवी आवृत्ती एकमेकांशी बोलू शकतात का?

बोलतात, आणि यात मोठी हुशारी आहे. पहिल्या पॅकेटमध्ये दोघं आपापल्या क्षमता सांगतात: मी एवढं मोठं पॅकेट घेऊ शकतो, एवढा वेळ थांबा, ओळीच्या शेवटी मला हे अक्षर द्या, उपसर्ग मला कळतात. जी गोष्ट सांगितलीच नाही तिथे ठरलेलं साधं मूल्य धरायचं, आणि जी कळली नाही ती सोडून द्यायची. म्हणून लांब पॅकेटं शिकलेला कर्मिट १९८२च्या कर्मिटसमोर आला की आपोआप ९४ अक्षरांवर उतरतो.

आपल्याकडे अशी वेगवेगळ्या वर्डची यंत्रं होती का?

होती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली बसलेल्या सीडीसी ३६००चा वर्ड ४८ बिटांचा होता, आणि सत्तरच्या दशकात तिथे आलेल्या डेकसिस्टिम-१०चा ३६ बिटांचा. या दोन यंत्रांवर काम केलेल्या पिढीला बाइट आठच बिटांचा असतो हे कधीच गृहीत धरता आलं नाही. त्यातले कुणी तुमच्या ओळखीत असतील तर त्यांच्याशी बोलून घ्या. त्यांच्या आठवणी लिहून ठेवायला हव्यात आणि ते काम आत्ताच व्हायला हवं.

कर्मिट आता कुठे आहे?

कोलंबिया विद्यापीठातला प्रकल्प १ जुलै २०११ रोजी बंद झाला. त्या वेळी सी-कर्मिट मुक्त परवान्याखाली खुलं झालं, आणि डा क्रूझ यांनी विद्यापीठाबाहेर ते काम चालू ठेवलं. त्याआधी १९९०मध्ये आलेल्या एचपी-४८एसएक्स कॅल्क्युलेटरमध्ये कर्मिट आतच बसवलेलं होतं. छोट्या बोर्डांवरच्या यू-बूट या बूटलोडरमध्ये (यंत्र सुरू करून देणाऱ्या प्रोग्राममध्ये) सिरियल लाइनीवरून फाइल चढवायची जी लोडबी आज्ञा आहे, ती कर्मिटचीच. नेटवर्क चालू व्हायच्या आधी बोर्डाला फक्त एक सिरियल पोर्ट असतो, म्हणजे अवस्था १९८१चीच.

घरी करून पाहायचं असेल तर?

एक लिनक्सचा संगणक, त्यावर सी-कर्मिट, यूएसबी-सिरियल अडॅप्टर, आणि दोन यंत्रांना थेट जोडणारी नल-मोडेम केबल. साधी केबल घेतलीत तर दोन्ही यंत्रं एकाच तारेवर बोलत राहतील आणि ऐकणारं कुणी नसेल. दोन्हीकडे वेग सारखा ठेवा, सुरुवातीला ९६००. आधी टर्मिनल म्हणून जोडून इकडे टंकलेलं तिकडे उमटतं का ते पाहा. तोवर फाइल पाठवायच्या भानगडीत पडू नका. मग जुन्या यंत्रावर कर्मिट सर्व्हर म्हणून लावा, म्हणजे सगळ्या आज्ञा नव्या संगणकावरून देता येतील आणि जुन्याच्या थकलेल्या कीबोर्डला त्रास होणार नाही.

पहिली फाइल लहानशी, टेक्स्ट, दोन-चार ओळींची घ्या. पॅकेटांची नोंद ठेवायची सोय सुरू करा आणि नंतर ती नोंद वर दिलेल्या पॅकेटशी ताडून पाहा. पॅकेट जातं पण दर वेळी नकार येतो असं दिसलं तर नव्वद टक्के वेळा पॅरिटी दोन्हीकडे वेगळी असते. आधी तिथे बघा, मग केबल बदला.